‘पहिला रस’ कुणाचा?

व्हर्ना स्टिकनीला संशय यायला फारसं काही लागत नसे. शेजाऱ्यानं सरपणाचा ढीग हातभर अलीकडे रचला की तिला त्यात हद्दीचं कारस्थान दिसे, आणि पोस्टमन दोन दिवस ओळीनं हसून बोलला की तिसऱ्या दिवशी ती पाकिटांच्या चिकटवलेल्या कडा तपासून बघे. त्यामुळे एप्रिलच्या त्या शनिवारनंतर ती चार आठवडे धड झोपली नाही, याचं टेनी हिल गावात कुणाला नवल वाटलं नाही.

टेनी हिल न्यू हॅम्पशायरच्या टेकड्यांत आहे, आणि तिथल्या टाउन हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी काँट्रा नाच होतो. दोन लांब रांगा समोरासमोर, त्यांत चौघाचौघांचे गट, मंचावर फिडल आणि पियानो, आणि माइकपाशी कॉलर. पुढची आकृती कोणती, ते ठोका पडायच्या नेमकं आधी सांगायचं हे कॉलरचं काम. फार आधी सांगितलं तर लोक विसरतात, उशिरा सांगितलं तर एकमेकांवर आदळतात. छत्तीस वर्षं तो आवाज व्हर्नाचा होता. आता तिचं वय त्र्याहत्तर आणि डावा गुडघा त्याहूनही म्हातारा, म्हणून गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर समितीनं एक महिनाआड मॅरिस किंबॉलला बोलवायला सुरुवात केली होती.

मॅरिस एकोणतीस वर्षांची, मॅसॅच्युसेट्सहून आलेली, गावच्या शाळेत गणित शिकवणारी. आवाज स्वच्छ, ताल पक्का, वागणं गोड. यातलं शेवटचं व्हर्नाला सगळ्यांत जास्त खटके. “जो माणूस इतकं गोड बोलतो, त्याला काहीतरी हवं असतं,” ती म्हणे.

त्यात जानेवारीत ते पक्ष्यांचं प्रकरण झालं. जोडीतल्या डाव्या बाजूच्याला ‘जेंट’ आणि उजव्या बाजूच्याला ‘लेडी’ म्हणायची जुनी रीत. पण आता हॉलमध्ये बायका बायकांबरोबर नाचत, पुरुष पुरुषांबरोबर, ज्याला जी बाजू आवडेल ती तो घेई. म्हणून समितीनं ठराव केला: डावीकडचा तो ‘लार्क’, उजवीकडचा तो ‘रॉबिन’. विरोधात एकच हात वर झाला, तो व्हर्नाचा.

“इतकी वर्षं मी माणसं नाचवली. आता चिऊ-काऊ नाचवू?”

“अगं, डावीकडे लार्क, उजवीकडे रॉबिन. इतकंच तर आहे,” समितीची अध्यक्ष बर्निस कट्स म्हणाली. ती व्हर्नाची चाळीस वर्षांची मैत्रीण, म्हणजे चाळीस वर्षं तिचं ऐकून घेणारी.

“‘इतकंच’ कधीच इतकंच नसतं, बर्निस. आधी शब्द काढतात, मग माणूस काढतात.”

पण ठराव तो ठराव. व्हर्नाच्या पत्र्याच्या डब्यात नाचांची कार्डं होती, एका कार्डावर एक नाच, आणि सगळ्यांवर जेंट-लेडीची खूण ‘जी’ आणि ‘एल’. ती बदलायला हवी होती. फेब्रुवारीत मॅरिस आपण होऊन घरी आली, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून साठेक कार्डांचे फोनवर फोटो काढले, आणि आठवड्यानं सगळी नव्या शब्दांत टाइप करून आणून दिली. व्हर्नानं आभार मानले, दार लावलं आणि डब्यातली जुनी कार्डं मोजली. मोजणी बरोबर भरली, आणि ती इतकी बरोबर कशी भरली याचाही तिला संशय आला.

तर एप्रिलचा शनिवार. रस्त्यांवर घोटाभर चिखल, दाराशी बुटांची रांग, मागच्या टेबलावर उकडलेल्या घेवड्याची भांडी. त्या दिवशी कॉलर मॅरिस होती. व्हर्ना ताटली घेऊन भिंतीपाशी बसली होती, खायला कमी आणि चुका काढायला जास्त.

“पुढचा नाच ओडेल फार्नहॅम यांचा,” मॅरिस माइकवर म्हणाली. “नाचाचं नाव ‘फाटकापाशी’. फार्नहॅम मेन राज्यातले, वारले त्याला वीस वर्षं झाली. आधी एकदा सावकाश चालून बघू.”

नाच कुणी रचला ते आधी सांगायचं, ही कॉलरांमधली रीत आहे. व्हर्नानं हे नाव कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या सोळा ठोक्यांत तिला काही वाटलं नाही. शेजाऱ्याबरोबर गिरकी, मग रांग पुढे, रांग मागे, हे मीठ-मिरीसारखं, प्रत्येक नाचात असायचंच. मग मॅरिस म्हणाली, “आता चौघांची वेणी, एकमेकांना ओलांडत आत-बाहेर. रॉबिननी सुरुवात करायची, उजवा खांदा. पण वेणी अर्ध्यावर आली की लार्क तिथेच फिरतील, आल्या वाटेनं उलटे जातील, आणि जोडीदार भेटेल तो पाठमोरा. घाबरू नका, खांद्यावर हात ठेवा, तो वळेल.”

व्हर्नाच्या हातातली ताटली कलली आणि घेवडे तिच्या स्कर्टवर सांडले. हा तिचा नाच होता. ‘पहिला रस’.

अर्धामुर्धा सारखा असता तर ती गप्प बसली असती. आकृत्या मोजक्या, ठोके चौसष्ट; दोन नाच निम्म्यापर्यंत जुळणं रोजचंच. पण इथे पहिल्या ठोक्यापासून चौसष्टाव्यापर्यंत सगळं तेच होतं. आणि तो पाठमोरा जोडीदार! त्या एका जागेसाठी माणसं बर्लिंग्टनहून दोन तास गाडी हाकत टेनी हिलला येत. सत्याऐंशी सालापासून दर मे महिन्यात, शेवटच्या वॉल्ट्झच्या आधी, व्हर्ना तो सांगे. वर्षातून एकदाच, आणि इथेच. बाहेरच्या कॉलरांनी किती विनवण्या केल्या, तिनं कार्ड कुणाला दाखवलं नाही. हॉलच्या दाराशी तिचा फोटो होता आणि त्याखाली लिहिलं होतं: ‘पहिला रस’ रचणाऱ्या व्हर्ना स्टिकनी. नवरा गेल्यावर, मुलगा ओरेगॉनला जाऊन तिकडचाच झाल्यावर, ती ओळ म्हणजे तिचं जवळजवळ सगळं होतं.

मध्यंतरात तिनं मॅरिसला कोट टांगायच्या खुंट्यांपाशी गाठलं.

“कुठून मिळाला तुला हा?”

“आवडला ना?” मॅरिसचा चेहरा फुलला. “फार्नहॅम यांच्या पुतणीकडून. तिच्या तळघरात त्यांच्या कार्डांचं आख्खं खोकं पडून होतं. यावर चौऱ्याऐंशीची तारीख आहे.”

“मे महिन्यात इथे होतीस कधी?”

“नाही, मी तर ऑक्टोबरपासून…”

“हा माझा नाच आहे.”

मॅरिसचं हसू विझलं. “व्हर्ना, मला खरंच माहीत नव्हतं. पण तारीख… आपण दोघी बसून बघू या ना? मी कार्ड आणते तुमच्याकडे.”

“तू माझ्या स्वयंपाकघरात एकदा बसलीस तेवढं पुरे,” व्हर्ना म्हणाली आणि कोट घालून घरी गेली.

त्या रात्रीत तिनं सगळं जुळवलं. फेब्रुवारीत फोनवर फोटो काढले ते कशासाठी? शब्द बदलायला म्हणे! ‘पहिला रस’ त्या डब्यात नव्हता हे तिला आठवत होतं, पण चहा करायला ती पाठ फिरवून उभी होती तेव्हा बाई कुठेकुठे हिंडली असेल कुणी पाहिलं? आणि नाव घातलं तेही मेलेल्या माणसाचं. मेलेला काही साक्षीला येत नाही.

“पण चोरायचाच तर स्वतःच्या नावावर चोरेल ना?” दुसऱ्या दिवशी बर्निसनं फोनवर विचारलं. “दुसऱ्याच्या नावावर कशाला घालील?”

“तिला तो नको आहे, बर्निस. तो माझा नसावा, एवढंच हवं आहे. मग मला हलवायला किती वेळ?”

“मला नाही बाई पटत.”

“तुला काय पटतंय! तुला तर पक्षीसुद्धा पटले.”

आणि व्हर्नानं समितीला पत्र लिहिलं. दोन पानी, शाईनं, सही करून. मॅरिसनं आपल्या घरातली कागदपत्रं चोरून पाहिली, खोटी तारीख घातलेलं कार्ड तयार केलं, हे तर त्यात होतंच. पण संशयी माणसाच्या हातात पेन आलं की ते थांबायचं नाव घेत नाही. शेवटी तिनं लिहिलं: जी बाई एका म्हातारीच्या घरात शिरून असं करते, तिच्या ताब्यात आपली मुलं रोज सहा तास असतात, याचा शाळेनंही विचार करावा.

पत्र समितीच्या पाच जणांसाठी होतं. टेनी हिलमध्ये पाच जण म्हणजे दवंडीच. आठ दिवसांत दुकानात मॅरिस आली की बोलणं थांबू लागलं. दोन पालकांनी मुख्याध्यापकांची भेट मागितली. समितीनं ठरवलं की मे महिन्याच्या नाचाला व्हर्नानं ‘पहिला रस’चं मूळ कार्ड आणावं, मॅरिसनं फार्नहॅमचं आणावं, आणि नाच सुरू व्हायच्या आत काय तो निकाल लावावा. तोवर मॅरिसचं नाव कॉलरांच्या यादीतून बाजूला.

“मूळ कार्ड आहे ना तुझ्याकडे?” बर्निसनं विचारलं.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला? आहेच.”

पण कार्ड कुठे आहे ते व्हर्नाला नक्की आठवत नव्हतं. नाच तोंडपाठ, तिनं कार्डाकडे पस्तीस वर्षांत पाहिलंच नव्हतं. माळ्यावर जुन्या बुटांची सहा खोकी होती, सगळी कार्डांनी भरलेली. गुडघ्यानं शिडी चढू देईना. रोज थोडं थोडं करत शेवटी नाचाच्या शनिवारी सकाळी पाचव्या खोक्यात तिला ते सापडलं. हिरव्या शाईतलं, तिच्याच अक्षरातलं. वर ‘पहिला रस’ असं निळ्या शाईनं, मागाहून लिहिलेलं.

“सापडलीस आता, मॅरिस!” ती मोठ्यानं म्हणाली आणि कार्ड घेऊन खिडकीपाशी आली.

उजव्या हाताचा वरचा कोपरा कोरा होता.

कार्डाचा तो कोपरा रचणाऱ्याच्या नावाचा. व्हर्नाला ज्या म्हाताऱ्यानं कॉलिंग शिकवलं त्यानं हे पहिल्याच दिवशी तिच्या डोक्यात ठोकलं होतं: आधी कोपरा भर, मग नाच लिही. स्वतः रचलेल्या नाचांवर ती तिथे ‘व्ही. एस.’ लिही. इथे काहीच नव्हतं. असेल, घाईत राहिलं असेल, ती मनाशी म्हणाली, आणि खाली वाचू लागली. वाचता वाचता तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

कार्डावर ‘जी’ आणि ‘एल’ नव्हते. ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ होते. ‘मॅन’ आणि ‘वुमन’.

त्या काळी काही कॉलर तसं म्हणत, पुरुष आणि बायका, सरळसोट. व्हर्नाला ते रांगडं वाटे. तिनं जन्मात कधी तसं म्हटलं नाही की लिहिलं नाही. आणि इथे तिच्याच अक्षरात, ओळीमागून ओळ, ‘एम’, ‘डब्ल्यू’, ‘एम’, ‘डब्ल्यू’. तिनं सहाच्या सहा खोकी टेबलावर ओतली. स्वतः रचलेल्या नाचांची एकतीस कार्डं निघाली, एकतीसच्या एकतीस ‘जी’ आणि ‘एल’. दुसऱ्याचा नाच घाईघाईत, दुसऱ्याच्या कार्डावरून, उभ्याउभ्या उतरवून घेतला, तरच दुसऱ्याची खूण जशीच्या तशी येते. प्रत्येक कॉलरच्या डब्यात अशी एकदोन कार्डं असतात. नाव मागून विचारू म्हणून राहून जातं. मग वर्षं जातात, आणि एक दिवस आपल्याच अक्षरातलं निनावी कार्ड हाताला लागतं.

पण आपण तो रचल्याचं तिला आठवत होतं! याच टेबलावर, मार्च महिना, बाहेर मॅपलच्या झाडांना लावलेल्या बादल्यांत रसाचा पहिला थेंब, आणि आपण मिठाच्या-मिरीच्या चार बाटल्या सरकवत वेणी उलटी फिरवून बघतोय. की रचलेला नव्हे, उतरवून आणलेला नाच आपण बाटल्यांवर जुळवून बघत होतो? ती आठवण तिनं अशी धरली, तशी धरली. ती दोन्हीकडून सारखीच बसत होती.

तिनं आर्मंड तिबोला फोन लावला. आर्मंड हॉलचा फिडलवाला, ऐंशीचा, पहिल्या दिवसापासून आजवर तिच्या मागे बसून वाजवणारा.

“आर्मंड, शहाऐंशी साली आपण मेनला वाजवायला गेलो होतो. कोणतातरी शेतकऱ्यांचा हॉल होता. आठवतो?”

“कॉफी भयंकर होती.”

“तिथला कॉलर आठवतो?”

“मी फिडलच्या गजाकडे बघतो, व्हर्ना, माणसांकडे नाही. का?”

“मी त्याच्याकडून काही उतरवून घेतलं होतं का?”

“ते माहीत नाही. पण मध्यंतरभर तू मला तुझा कप धरायला लावला होतास आणि कॉफीच्या पिंपावर कार्ड ठेवून काहीतरी लिहीत होतीस. माझे दोन्ही हात अडकलेले, आणि पोट मला डोनट घ्यायला सांगत होतं. त्याचा राग आहे म्हणून आठवतंय.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“डोनटबद्दल?”

व्हर्नानं फोन ठेवला. चुलीत सकाळचे निखारे अजून होते. तिनं वरचं झाकण उचललं, कार्ड हातात धरलं, आणि किती सोपं आहे हे तिला दिसलं. कार्ड सापडलं नाही म्हणायचं. माळ्यावर उंदीर आहेत म्हणायचं. तिचा शब्द आणि त्या पोरीचा शब्द. टेनी हिल कुणाचा घेईल हे ती जाणून होती. आजवर तिनं शेजाऱ्याचे हात पाहिले, पोस्टमनचे पाहिले, मॅरिसचे पाहिले. स्वतःच्या हातांकडे बघायचं तिला कधी सुचलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं झाकण खाली ठेवलं आणि कार्ड पर्समध्ये घातलं.

संध्याकाळी हॉल खच्चून भरला होता. ‘पहिला रस’ची रात्र, त्यात यंदा भांडण, गावात दोन्ही फुकट बघायला मिळणार होती. मॅरिस खुंट्यांपाशी बाकावर बसली होती, मांडीवर एक पुठ्ठ्याचं खोकं. सहा माणसांचं बाक, पण त्यावर ती एकटीच होती.

“कार्ड आणलंस?” बर्निसनं दारातच विचारलं. “चल, आतल्या खोलीत समिती बसलीय.”

“आतल्या खोलीत नको,” व्हर्ना म्हणाली, आणि मंचावर चढून माइक घेतला.

“बसा,” ती म्हणाली. कुणी बसलं नाही, पण सगळे गप्प झाले. “‘पहिला रस’ माझा नाही. तो मेनच्या ओडेल फार्नहॅमनी रचला, माझ्या तीन वर्षं आधी. मी त्यांच्या कार्डावरून उतरवून घेतला, नाव लिहायचं राहिलं, आणि मग तो माझाच असं मला वाटू लागलं. मॅरिस किंबॉल खरं बोलत होती.”

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. तिला दुसरी मिळाली, आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. पुढच्या रांगेत दोन बायका डोळे पुसत होत्या.

“टाळ्या कसल्या वाजवताय?” व्हर्ना ओरडली. “चोरी केली म्हणतेय मी!”

लोक प्रेमानं हसले. बर्निसनं मंचापाशी येऊन तिचा हात धरला. “केवढं मन आहे गं तुझं! पोरीची नोकरी वाचावी म्हणून तू…”

“बर्निस, हे बघ कार्ड. कोपरा कोरा आहे. आणि हे ‘एम’, हे ‘डब्ल्यू’…”

“हो, हो. वयानं होतं असं. तूच रचलायस तो, आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.”

आणि खालच्या रांगेतून, मुद्दाम ऐकू जाईल अशा बेतानं, एक आवाज आला: “एवढं झाल्यावर तरी तिनं उठून माफी मागायला काय झालंय?”

सगळ्या माना बाकाकडे वळल्या. मॅरिस उठली होती, पण माफी मागायला नाही. ती बूट चढवत होती. व्हर्ना मंचावरून उतरली आणि गुडघा सावरत तिच्यापाशी गेली. लोकांनी वाट दिली.

“जाऊ नकोस. मी सांगितलं ना सगळ्यांना.”

“सांगितलंत,” मॅरिस नाडी बांधत म्हणाली. “कालपर्यंत त्यांना नुसता संशय होता, व्हर्ना. आता खात्री झाली. तुम्ही थोर ठरलात आणि मी चोर. सोमवारी मला शाळेत जायचंय.”

आयुष्यभर व्हर्नानं लोकांवर विश्वास ठेवला नव्हता, आणि आज लोकांनी तिच्या चांगुलपणावर विश्वास ठेवायला नको होता, तर ते नेमका तोच ठेवत होते. ती वळली.

“बर्निस, माझं पत्र कुठे आहे?”

“कोणतं?” बर्निसनं हातातली फाइल छातीशी धरली.

“दोन पानी. दे इकडे.”

“अगं, ते समितीचं आहे. झालं गेलं…”

“माझी सही आहे त्यावर. दे.”

पत्र घेऊन व्हर्ना पुन्हा मंचावर चढली. माइकवर कागदाची खरखर ऐकू आली.

“हे मी लिहिलंय,” ती म्हणाली. “तुमच्यातल्या निम्म्यांनी ऐकलंय, पण कुणाकुणाकडून. आज माझ्याकडून ऐका.”

आणि ती वाचू लागली. नाच सांगायची तिची सवय होती: शब्द स्वच्छ, सावकाश, शेवटच्या रांगेपर्यंत. तसंच तिनं वाचलं. “‘मी चहा करत असताना ही बाई माझ्या घरात हिंडली.’ खोटं. ती खुर्चीवरून उठली नाही, तिची सावली माझ्यासमोरच्या भिंतीवर होती. ‘तिनं खोटी तारीख घालून कार्ड बनवलं.’ मी ते कार्ड पाहिलंसुद्धा नव्हतं. ती दाखवायला येते म्हणाली, मी येऊ दिलं नाही.” एक हसू कुठेतरी सुरू झालं आणि विझलं. मग ती दुसऱ्या पानावर आली. तिथे ती थांबली, पाणी प्यायली. “‘हिच्या ताब्यात आपली मुलं रोज सहा तास असतात, याचा शाळेनंही विचार करावा.’ हे मला कुणी सुचवलं नव्हतं. ती मला नोकरीवरून जायला हवी होती. गावातूनच जायला हवी होती. आज सकाळी मूळ कार्ड हातात आल्यावर मी चुलीचं झाकण उघडलं होतं, तेही सांगून ठेवते. आता म्हणा, मन मोठं आहे.”

कुणी म्हणालं नाही. पुढच्या रांगेतली बाई, जी मघाशी डोळे पुसत होती, ती आता व्हर्नाकडे बघायचं टाळत होती. बर्निसचा चेहरा उतरला होता. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीकडे ती परकं माणूस बघावं तशी बघत होती. पत्र वाचून मुख्याध्यापकांना भेटलेला एक बाप खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत राहिला. छत्तीस वर्षांत या मंचावरून व्हर्ना बोलली आणि टाळी पडली नाही असं कधी झालं नव्हतं. तिला ते फार लागलं, आणि हेच व्हायला हवं होतं हेही तिला कळत होतं.

तिनं माइक स्टँडला अडकवला. “आज मी सांगणार नाही,” ती म्हणाली, आणि मॅरिसच्या बाकाकडे बघून, “यादी समितीची आहे. पण नाच सांगायला कुणीतरी हवं.”

मग आर्मंडनं कुणाला न विचारता फिडल खांद्याला लावलं आणि तारा सुरात जुळवल्या. मॅरिसनं बूट काढले. ती मंचावर आली, व्हर्नाच्या शेजारून गेली, तिच्याकडे पाहिलं नाही. माफ केल्याचं कुठलंच लक्षण तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. खोक्यातून तिनं एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं.

“‘फाटकापाशी’,” ती म्हणाली. आवाज पहिल्या शब्दाला अडखळला, मग सरळ झाला. “रचणारे ओडेल फार्नहॅम. रांगा करा.”

रांगा होऊ लागल्या. माणसं एकमेकांचे हात धरून मंचाकडून दाराकडे सरकत गेली, लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे. व्हर्ना खाली उतरली आणि रांगेच्या तळाशी जाऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं गेली. कुणी धक्का दिला नाही, कुणी काही बोललं नाही, कुणी हातही पुढे केला नाही. चौघाचौघांचे गट मोजत मोजत खाली आले आणि तिच्याआधी संपले.

मंचावरून मॅरिसला तो तळ दिसत होता. ती थोडं थांबली. मग कुणाचंही नाव न घेता, प्रत्येक कॉलर प्रत्येक नाचाआधी विचारतो तसं तिनं विचारलं:

“जोडीदार कुणाला हवाय? ज्याला हवा असेल त्यानं हात वर करा, म्हणजे दिसेल.”

हा प्रश्न व्हर्नानं छत्तीस वर्षं विचारला होता. त्याचं उत्तर द्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. सगळा हॉल वळून बघत होता. तिनं हात वर केला.